पांढरीच्या मातीतला दाणा : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

मागील अंकात बलुचिस्तानातील मेहरगढ या नवाश्मयुगीन, म्हणजे घासून गुळगुळीत केलेल्या दगडी हत्यारांच्या काळातील शेतकरी वस्तीविषयी मी लिहिलेला लेख प्रसिद्ध झाल्यावर सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांतून वाचकांची पत्रे आली. ज्यांच्या वाचनात तो लेख आला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बोलन खिंडीतून उतरून कच्छीच्या मैदानात आले की बोलन नदीच्या काठी मेहरगढ लागते. नदीने आपलाच काठ कापत नेल्यामुळे तेथील मातीचे जुने थर उघडे पडले आणि १९७४ पासून झाँ-फ्रांस्वा जारीज यांच्या नेतृत्वाखालील फ्रेंच पथकाने तेथे अनेक वर्षे उत्खनन केले. मातीची भांडी घडवण्याची कला हाती येण्यापूर्वीच कच्च्या विटांची अनेक खोल्यांची घरे बांधून राहणारे, जव आणि गहू पिकवणारे, शेळ्यामेंढ्या आणि गुरे पाळणारे लोक तेथे नांदत होते, असे या उत्खननातून दिसून आले. आलेल्या पत्रांपैकी काही प्रश्न येथे घेतले आहेत. एका पत्रात जमिनीचा नेमका ठावठिकाणा असल्यामुळे कोणत्याही वाचकाचे नाव छापलेले नाही.

प्रश्न : पावसात भिजलेली ज्वारी आमच्याकडे आठवडाभरात काळी पडते आणि कुजते. मग सात-आठ हजार वर्षांपूर्वीचा दाणा मातीत टिकतो कसा? टिकला, तरी तो पेरून घेतलेला की रानातून वेचून आणलेला, हे आपण कशावरून सांगता? (एक शेतकरी, पलूस तालुका)

उत्तर : आपण शेतकरी असल्यामुळे हा प्रश्न अगदी मर्मावर बोट ठेवून विचारला आहे. साधा दाणा टिकत नाहीच. टिकतो तो करपलेला दाणा. चुलीवर धान्य भाजताना चार दाणे निखाऱ्यात पडतात, कणगीला आग लागते किंवा खळ्यावरचे भूस जाळताना त्यात काही दाणे राहून जातात. असा दाणा जळून राख न होता नुसताच कोळसा झाला, तर त्यात किडीला किंवा बुरशीला खाण्यासारखे काही उरत नाही आणि मातीत तो हजारो वर्षे आकार धरून राहतो. तो शोधण्याची रीत फार साधी आहे. चुलीतील, खड्ड्यातील किंवा जमिनीच्या थरातील माती घमेल्याने मोजून पाण्यात सोडतात आणि हलक्या हाताने ढवळतात. माती तळाशी बसते आणि कोळशाचे हलके कण वर तरंगू लागतात. ते बारीक जाळीच्या कापडावर धरून सावलीत वाळवतात, कारण उन्हात वाळवले तर ते तडकतात. मी पहिल्यांदा असा जवाचा दाणा भिंगाखाली पाहिला तेव्हा त्याच्या पोटावरची खाच, दोन्ही टोकांकडचा निमुळतेपणा, सारे इतके स्पष्ट होते की तो कालच्या मळणीतला वाटावा. तोलून पाहावा म्हटले, तर त्याला वजन म्हणून नव्हतेच.

मेहरगढला दाण्यांपेक्षाही अधिक माहिती दिली ती विटांनी. आपण भिंतीच्या गिलाव्यात जसे भूस कालवतो तसे तेथील लोक विटांच्या मातीत कालवत. भूस कुजून गेले, परंतु दाण्यांचे आणि तुसांचे ठसे विटांत राहिले. हे ठसे आणि करपलेले दाणे एकत्र मोजले असता नव्वद टक्क्यांहून अधिक वाटा एकाच पिकाचा निघाला, तो म्हणजे सहा रांगांच्या ओंबीचा, साल सहज सुटणारा जव. आपल्याकडे काही भागांत यालाच सातू म्हणतात. त्याच्या जोडीला गव्हाच्या काही जाती थोड्या प्रमाणात होत्या. विटांच्या वरच्या अंगावर, गारा नीट धरावा म्हणून ओळीने उमटवलेले बोटांचे ठसेही आढळले आहेत.

आता पेरलेले की वेचलेले, याविषयी. रानातला जव पिकला की त्याची ओंबी आपोआप सांध्यासांध्यातून सुटते आणि दाणे जमिनीवर विखुरतात. रोपाच्या दृष्टीने ते सोयीचेच असते, कारण पुढच्या वर्षीची पेरणी त्यातूनच होते. परंतु माणूस विळा घेऊन कापणीस गेला की जी ओंबी फुटून गेली ती त्याच्या हाती लागत नाही आणि जी न फुटता ताटावर राहिली ती घरी येते. पुढच्या वर्षीचे बियाणे या घरी आलेल्या ओंब्यांतूनच निघते. असे पिढ्यानपिढ्या होत गेले की न फुटणाऱ्या ओंबीचे वाण शेतात वाढत जाते. त्याचे दाणे सोडवायला मळणी करावीच लागते आणि मळणीत ओंबीचा कणा सांध्यावर ओढून तुटतो. रानटी ओंबीच्या सांध्यावर सुटल्याची गुळगुळीत खूण राहते, तर पेरलेल्या पिकाच्या सांध्यावर तुटल्याची खरबरीत खूण राहते. तीळभर आकाराच्या त्या तुकड्यावरची ही खूण पाहूनच शेती सुरू झाली होती की नव्हती याचा निवाडा होतो. आणखी एक गोष्ट मला आपल्यासारख्या शेतकऱ्यांना आवर्जून सांगावीशी वाटते. पश्चिम आशियातील स्थळांवरून दिसते की रानटी वाणाचे पूर्णपणे शेतीचे वाण होण्यास हजार-दोन हजार वर्षे लागली. एका हुशार माणसाने एका सकाळी शेतीचा शोध लावला असे घडले नाही. ज्यांना आपण काही बदलत आहोत याची जाणीवही नव्हती अशा असंख्य पिढ्यांच्या कापणीतून हे पीक घडले.

प्रश्न : त्या काळच्या बायका दळण कशावर दळत? जाते होते का? (एक गृहिणी, खटाव तालुका)

उत्तर : जाते नव्हते. वरची तळी खुंट्याने गोल फिरवायचे दगडी जाते दख्खनमध्ये सातवाहनांच्या काळाच्या आसपास दिसू लागते, म्हणजे ते नवाश्मयुगाच्या मानाने फार अलीकडचे आहे. त्यापूर्वी सर्वत्र पाट्यासारखा, मधोमध खोलगट झालेला दगड आणि त्यावर पुढे-मागे रगडायचा दुसरा दगड, एवढेच साधन होते. त्यापुढे गुडघे टेकून, पायाची बोटे मागे मुडपून, सारे अंग पुढे झोकत तासन् तास रगडावे लागे. सीरियातील अबू हुरैरा या प्राचीन वस्तीतील स्त्रियांच्या सांगाड्यांत पायाच्या अंगठ्याचे सांधे, गुडघे आणि कमरेचे मणके या कामाने झिजलेले आढळले. हे स्थळ पुढे धरणाच्या जलाशयाखाली गेले. कोयनेच्या पाण्याखाली आपली गावे गेलेली ज्यांनी पाहिली, त्यांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको. आपण पत्रात आपल्या आजीच्या गुडघ्यांविषयी लिहिले आहे. ती तुलना मला अगदी योग्य वाटते.

प्रश्न : बल्लारीकडे नातेवाइकांकडे गेलो असता शेतात राखेची मोठी टेकडी पाहिली. कोणी ती राक्षसांची राख म्हणाले, तर कोणी वालीच्या चितेची. खरे काय आहे? (एक वाचक, जत तालुका)

उत्तर : हंपीजवळच्या निंबापूर येथील अशाच एका ढिगाऱ्याला लोक वालीच्या दहनाची जागा मानतात. किष्किंधेच्या कथेची ती भूमी असल्यामुळे तसे मानणे स्वाभाविकही आहे. परंतु हे राखेचे ढिगारे जळालेल्या शेणाचे आहेत आणि दक्षिण भारतातील पहिल्या शेतकरी-गुराखी समाजाची ती सर्वांत ठळक खूण आहे. हा समाज सुमारे इ. स. पू. ३००० ते १२०० या काळात कृष्णा, भीमा आणि तुंगभद्रा यांच्या खोऱ्यांत पसरलेला होता. महाबळेश्वरी उगम पावून वाई, कराड आणि सांगलीवरून वाहत जाणारी आपली कृष्णाच पुढे त्या प्रदेशातून जाते, हे मुद्दाम लक्षात घ्यावे. मेहरगढ आपल्यापासून दूर आहे, पण हे ढिगारे आपल्याच नदीच्या खालच्या अंगाला आहेत.

राख शेणाची आहे हे कसे कळले, हा भाग मला फार आवडतो. भूशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्रूस फूट यांनी एकोणिसाव्या शतकातच तसा विचार मांडला होता. १९५७ मध्ये तेलंगणातील उतनूर येथे रेमंड ऑल्चिन यांनी उत्खनन केले तेव्हा राखेच्या थरांत गुरे कोंडण्याच्या आवाराच्या खांबांचे खळगे मिळाले आणि त्याच्या आतल्या जमिनीवर चक्क गुरांच्या खुरांचे ठसे उमटलेले होते. ओल्या शेणामातीत पाय रुतवून उभी राहिलेली ती जनावरे कोणत्या दिशेला तोंड करून होती, तेही पाहता यावे असा तो पुरावा होता. नंतर पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे पुरातत्त्वज्ञ के. पद्दय्या यांनी कर्नाटकातील सुरपूर परिसरातील बुदिहाळ येथे दीर्घकाळ काम करून, राखेच्या ढिगाऱ्याला लागूनच माणसांची वस्ती, गुरांचा वाडा आणि दगडी हत्यारे घडवण्याची जागा होती, हे दाखवून दिले. म्हणजे ढिगारा हा एकटा-दुकटा नव्हता, तो गावाचाच भाग होता. शेण वर्षानुवर्षे साठवून वेळोवेळी पेटवले जाई आणि काही ठिकाणी धग इतकी वाढली की राख वितळून काचेसारखे खडे बनले. ज्या समाजाचे सारे धन गोठ्यात होते त्या समाजाने हा जाळ एखाद्या सणाला किंवा विधीसाठी केला असावा, असे अनेक अभ्यासकांना वाटते. मलाही ते पटते, कारण निव्वळ उकिरडा जाळायचा असता तर एकाच जागी पिढ्यानपिढ्या थरावर थर चढवत टेकडी उभी करण्याचे कारण नव्हते.

आपण जत तालुक्यातील असल्यामुळे हेही सांगतो की माणदेशातील खिल्लार ज्या वशिंडाच्या गोवंशातील आहे तो वंश भारतीय उपखंडातच माणसाळला. मेहरगढच्या सर्वांत खालच्या थरांत चिंकारा आणि इतर रानटी जनावरांची हाडे पुष्कळ आहेत. जसजसे वरच्या थरांकडे यावे तसतशी शिकारीची हाडे कमी होत जातात, गुरांची वाढत जातात आणि त्यांचा आकार लहान होत जातो. माणसाळताना जनावराचा आकार घटतो, हे सगळीकडे दिसून आले आहे.

प्रश्न : शाळेत आम्ही मेहरगढचा काळ इ. स. पू. ७००० असा शिकवतो. अलीकडे वाचले की तो दोन हजार वर्षांनी अलीकडे आला आहे. मुलांना काय सांगावे? (एक शिक्षक, कराड)

उत्तर : दोन्ही सांगावे आणि बदल कशामुळे झाला तेही सांगावे, कारण मुलांना शास्त्राची चाल त्यातूनच कळेल. सजीव प्राणी किंवा वनस्पती मरण पावली की तिच्यातील किरणोत्सारी कार्बन ठरावीक वेगाने घटू लागतो आणि ५७३० वर्षांत निम्मा उरतो. या घटीवरून वय काढतात. मेहरगढच्या जुन्या तारखा मुख्यतः कोळशावरून काढलेल्या होत्या आणि त्यांच्यात एकमेकींशी मेळ नव्हता. कोळशाची अडचण अशी की जाळलेले लाकूड मुळातच शेकडो वर्षे जुने असू शकते, किंवा तो कोळसा दुसऱ्या थरातून उकरून वर आलेला असू शकतो. हाडांवरून तारीख काढावी, तर तेथील मातीत हाडांमधील आवश्यक द्रव्य टिकलेले नाही. म्हणून २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दफनांतील माणसांच्या दातांवरील लुकण, म्हणजे दातांचे कठीण कवच, तपासण्यात आले आणि त्यावरून मेहरगढच्या सर्वांत जुन्या दफनांची सुरुवात इ. स. पू. ५२०० ते ४९०० च्या दरम्यान झाली असावी, असे अनुमान निघाले. ज्या माणसाचे दफन, त्याचाच दात, त्यामुळे येथे लाकडाच्या वयाची शंका उरत नाही.

माझ्या मते हा पुरावा जुन्या तारखांपेक्षा बळकट आहे. त्याचा परिणामही मोठा आहे. शेती येथे स्वतंत्रपणे सुरू झाली की इराणच्या पठारावरून गहू-जवाचे वाण आणि शेळ्यामेंढ्या घेऊन माणसे आली, या जुन्या वादात आता दुसऱ्या बाजूचे पारडे जड होते, कारण पश्चिमेकडील गावे त्याहून हजारो वर्षांनी जुनी आहेत. वशिंडाची गुरे मात्र आपल्याच भूमीतली, हे त्याने बदलत नाही. मुलांना फळ्यावर दोन्ही तारखा लिहून दाखवाव्यात आणि मधल्या अंतराखाली ‘कोळसा’ आणि ‘दात’ हे दोन शब्द लिहावेत.

प्रश्न : सर, मेहरगढच्या लोकांनी दातांना भोके पाडली होती हे खरे आहे का? भूल न देता? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : खरे आहे. तेथील दफनभूमीत नऊ प्रौढ व्यक्तींच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकाने भोके पाडलेली आढळली आणि २००६ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. भोके दीड ते तीन मिलिमीटरच्या आसपास रुंद होती. काही दाढांवर किडीच्या खुणा होत्या, सर्वांवर नव्हत्या. भोकांच्या कडा चावून चावून झिजलेल्या असल्यामुळे हे काम जिवंत माणसावर झाले आणि तो माणूस त्यानंतरही जगला, हे निश्चित कळते. मण्यांना भोके पाडण्यासाठी जो धनुकलीचा सामता, म्हणजे धनुकलीच्या दोरीने फिरवायचे भोक पाडण्याचे हत्यार, वापरीत तोच येथे वापरला असावा. संशोधकांनी तसा सामता बनवून पाहिला तेव्हा मिनिटाच्या आत तेवढे भोक पडले. वेदनेविषयी दात काही सांगत नाही. मात्र जो कारागीर रोज मण्याला केसाएवढे भोक पाडतो त्याच्या हातावर त्या माणसाने विश्वास टाकला होता, एवढे आपण म्हणू शकतो.

याच मण्यांसंबंधी एक जोड. तेथील एका दफनात मिळालेल्या तांब्याच्या मण्यात ओवणीचा धागा अडकून राहिला होता. तांब्याच्या गंजामुळे तो कुजला नाही आणि तपासता तो कापसाचा निघाला. कापसाच्या वापराचा हा जगातील सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक आहे.

प्रश्न : आपली ज्वारी, ऊस आणि हळद ही पिके त्या काळी होती का? (एक वाचक, मिरज)

उत्तर : मेहरगढमध्ये नव्हती. ज्वारी मूळची आफ्रिकेतील असून ती आपल्याकडे बऱ्याच उशिरा पोहोचली, उसाचे मूळ न्यू गिनीकडे आहे. हळदीचे म्हणाल, तर हरियाणातील फरमाणा या हडप्पाकालीन स्थळावरील भांड्यांत आणि दातांवर हळदीचे पिष्टकण मिळाले आहेत, परंतु ते नवाश्मयुगानंतरचे आहे.

मात्र आपल्या ताटातील एक धान्य खरोखर या मातीचे आहे आणि त्याची आपण फारशी कदर करत नाही. राखेच्या ढिगाऱ्यांच्या वस्त्यांत बल्लारीजवळच्या संगनकल्लूसारख्या ठिकाणी माती पाण्यात घोळवून जे करपलेले दाणे मिळाले त्यांत मूग, हुलगा आणि दोन-तीन बारीक तृणधान्ये वारंवार आढळतात. हुलगा, म्हणजे कोकणातले कुळीथ, हे दक्षिण भारताने स्वतः घडवलेल्या पिकांपैकी एक आहे. कमी पावसात, हलक्या जमिनीत, खताशिवाय येणारे हे पीक त्या गुराख्यांच्या हाती का पडले, हे आटपाडी, जत किंवा माण भागातील कोणत्याही शेतकऱ्याला समजावून सांगावे लागणार नाही. थंडीत किंवा आजारपणानंतर आपल्या घरी जे हुलग्याचे माडगे करतात त्याला चार हजार वर्षांचा आधार आहे, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

प्रश्न : इनामगावला घरातच मुलांना पुरत असत असे ऐकले. वाचून मन अस्वस्थ झाले. असे का करत असतील? (एक वाचक, फलटण)

उत्तर : इनामगाव पुणे जिल्ह्यातील शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी आहे. डेक्कन कॉलेजच्या वतीने ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी १९६८ पासून पुढे १९८३ पर्यंत तेथे उत्खनन केले. काळ इ. स. पू. १६०० ते ७०० चा. दगडाबरोबर तांबेही वापरात असल्यामुळे त्याला नवाश्मयुगीन न म्हणता ताम्रपाषाणयुगीन म्हणतात. पण महाराष्ट्रातील आद्य शेतकऱ्यांचे जीवन इतक्या बारकाव्याने दुसऱ्या कोणत्याही ठिकाणी उलगडलेले नाही. तेथे मुख्य पीक जवच होते आणि नदीचे पुराचे पाणी वळवून नेणारा पाटही होता.

लहान मूल दगावले की दोन मातीची भांडी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवत, त्यात मुलाला निजवत आणि घराच्या जमिनीखालीच खड्डा घेऊन ती पुरत. मोठ्या माणसांना उताणे निजवून पुरत, परंतु त्यांची पावले घोट्याखाली तोडलेली असत. मृताने निघून जाऊ नये, ही त्यामागील भावना असावी असे मानले जाते. मुलांची पावले तोडलेली नाहीत. ज्या मुलाला अजून चालता येत नव्हते ते कोठे जाणार, असे त्या आईबापांना वाटले असावे, हा माझा तर्क आहे आणि तो तर्क म्हणूनच घ्यावा. ज्या जमिनीवर आपण सारवून निजतो, चूल मांडतो, तिच्याखालीच लेकरू ठेवणे यात मला निष्ठुरपणा दिसत नाही. त्याला घराबाहेर काढवले नाही, एवढेच त्यात दिसते.

प्रश्न : आमच्या शेताच्या कडेला पांढरीचे टेकाड आहे. ते सपाट करून उसाखाली आणायचे घरात ठरते आहे. नांगरटीत वितीपेक्षा थोडा लहान, काळसर, एका बाजूला धार असलेला गुळगुळीत दगड मिळाला. आजी त्याला विजेचा दगड म्हणते आणि तिने तो देव्हाऱ्यात ठेवला आहे. ही दगडी कुऱ्हाड आहे का? आणि टेकाडाचे काय करावे? (एक तरुण शेतकरी, कोरेगाव तालुका)

उत्तर : या सदरात आजवर आलेल्या पत्रांत हे पत्र मला सर्वांत मोलाचे वाटते, म्हणून उत्तर थोडे लांबेल.

प्रथम दगडाविषयी. नवाश्मयुगीन कुऱ्हाड चार टप्प्यांत घडते: मोठे कपचे काढून आकार देणे, बारीक ठोके देऊन उंचवटे मोडणे, पाणी आणि वाळू घालून खडकावर घासणे, आणि शेवटी धारेकडे झिलई देणे. संगनकल्लूच्या टेकडीवर अशा कुऱ्हाडी घडवण्याचा मोठा कारखानाच होता आणि तेथील खडकांवर घासून पडलेल्या लांबट खाचा आजही हाताला लागतात. नदीतला गोटाही गुळगुळीत असतो, पण तो सर्व बाजूंनी सारखा झिजतो. आपल्या दगडाच्या धारेकडे दोन्ही बाजूंनी उतार देऊन मध्ये एक सरळ किंवा किंचित गोलाईची कड आणली आहे का, आणि मागच्या बाजूला ठोक्यांची खरबरीत खूण उरली आहे का, हे सकाळच्या तिरप्या उन्हात पाहावे. दोन्ही असल्यास ती कुऱ्हाड असण्याचा संभव बराच आहे. छायाचित्रावरून मी याहून अधिक बोलणार नाही. दगड कोणत्या जातीचा आहे हे भूशास्त्राच्या जाणकाराला दाखवावे, कारण तो आपल्याकडचा नसेल तर तो येथवर कोणी आणला हा पुढचा प्रश्न उभा राहतो. आजींची समजूत चुकीची म्हणून त्यांना दुखवू नये. असे दगड आकाशातून विजेबरोबर पडतात ही समजूत जगभर आहे आणि त्या समजुतीमुळेच असंख्य कुऱ्हाडी फेकल्या न जाता जपल्या गेल्या.

आता टेकाडाविषयी. आपल्या पूर्वजांनी गावाच्या जमिनीचे काळी आणि पांढरी असे दोन भाग मानले. काळीत पीक घ्यायचे आणि पांढरीत वस्ती करायची. ही पांढरी माती निसर्गाने पांढरी झालेली नाही. पडलेल्या मातीच्या भिंती, चुलींची राख, शेण, हाडे, चुना हे सारे शेकडो वर्षे एकमेकांवर साचून ती तशी होते. म्हणूनच तिच्यात खताचा अंश असतो, म्हणूनच शेतकरी ती गाड्या भरभरून रानात टाकत आले आणि म्हणूनच धाब्याच्या घरांवर टाकायलाही ती नेत आले. मी तरुण असताना एका गावात ओढ्याकाठचे असे टेकाड पाहून आलो होतो. कापलेल्या कडेत एक चूल, तिच्यावर सारवलेली जमीन, तिच्यावर राख आणि पुन्हा सारवण असे सात थर मी बोटाने मोजले होते. दोन वर्षांनी पुन्हा गेलो तेव्हा तेथे खोडवा उभा होता. सऱ्यांमध्ये खापऱ्या होत्या, भरपूर होत्या, पण कोणती खापरी कोणत्या चुलीची हे सांगणारे काहीही उरले नव्हते. ती खंत माझ्या मनातून अद्याप गेलेली नाही.

या सदरात वर जे जे सांगितले, जवाचा ठसा, खुराचा ठसा, मण्यातला धागा, घराखालची दोन भांडी, त्यांपैकी एकही गोष्ट वस्तू म्हणून फार मोलाची नव्हती. ती कोणत्या थरात, कशाच्या खाली आणि कशाच्या शेजारी होती, एवढ्यामुळेच ती बोलली. यंत्राने टेकाड अर्ध्या दिवसात सपाट होते आणि वस्तू मिळाल्या तरी त्यांची जागा कायमची जाते. आपले टेकाड सातवाहन काळाचे असेल, यादवांच्या काळाचे असेल, किंवा वर सातवाहन आणि खाली त्याहून जुने असेल. वरून पाहून ते कळत नाही आणि सपाट केल्यावर कधीच कळणार नाही.

म्हणून आपणास माझी विनंती अशी आहे. घरातील वडीलधाऱ्यांशी बोलून निदान या हंगामात टेकाडाला यंत्र लावू नये. आधीच कापली गेलेली एखादी कड असेल तर तिचे छायाचित्र काढावे आणि मापासाठी शेजारी फूटपट्टी ठेवावी. स्वतः खणू नये, खापऱ्या गोणीत एकत्र भरू नयेत. राज्याच्या पुरातत्त्व खात्याला गट क्रमांकासह लेखी कळवावे आणि पत्राची पोच घ्यावी. जमिनीत दडलेली नाणी किंवा दागिने अशी काही वस्तू मिळाल्यास १८७८ च्या निखात निधीच्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी सूचना द्यावी लागते, हेही ध्यानात ठेवावे. दगड देव्हाऱ्यात राहिला तरी हरकत नाही, मात्र त्याच्याखाली एक चिठ्ठी ठेवावी आणि तिच्यावर गट क्रमांक, तो बांधापासून किती पावलांवर व किती खोलीवर मिळाला आणि कोणत्या दिवशी, हे शाईने लिहावे. त्याला तेल-शेंदूर लावू नये आणि तो धुऊही नये. धारेच्या बारीक खाचांत काही अडकून राहिले असेल, तर त्याने शेवटी काय कापले ते तेवढेच सांगू शकेल.